गिल्डच्या प्रदर्शनातील पारितोषिकप्राप्त हस्तनिर्मित क्विल्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील लहानमोठ्या गावांत शाळेच्या व्यायामशाळेत, चर्चच्या सभागृहात किंवा जत्रेच्या मैदानावरील इमारतीत क्विल्टची, म्हणजे गोधडीसारख्या शिवलेल्या पांघरुणांची, प्रदर्शने भरतात. मी अशाच एका स्थानिक गिल्डची सभासद आहे. दाराशी तिकिटे देण्यापासून परीक्षकांसमोर क्विल्ट उलगडून धरण्यापर्यंत प्रदर्शनाची बहुतेक कामे मी केली आहेत. गावातील मराठी मंडळी, आणि विशेषतः मुलांकडे काही महिन्यांसाठी आलेले आईवडील, या प्रदर्शनाला आवर्जून येतात. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

गिल्ड म्हणजे नेमके काय?

गिल्ड म्हणजे क्विल्ट शिवणाऱ्यांचे स्थानिक मंडळ. वर्गणी भरून कोणालाही सभासद होता येते आणि त्यासाठी आधीपासून शिवणकाम यावेच लागते असे नाही. साधारणतः महिन्यातून एकदा सभा होते. तेथे सभासद आपले पूर्ण झालेले काम सर्वांना दाखवतात, एकमेकींकडून नवी रीत शिकतात, आणि रुग्णालये, निवारागृहे किंवा नवजात बालकांसाठी देणगी म्हणून क्विल्ट शिवतात. प्रदर्शन काही गिल्ड दरवर्षी भरवतात, तर काही एक वर्षाआड.

क्विल्ट म्हणजे आपली गोधडीच ना?

कूळ एकच आहे, पण घडण वेगळी आहे. प्रदर्शनाच्या नियमांप्रमाणे क्विल्ट म्हणजे वरचे कापड, मधले भरण आणि खालचे अस्तर असे तीन थर, जे आरपार जाणाऱ्या टाक्यांनी एकमेकांना बांधलेले असतात. अमेरिकी पद्धतीत आधी नव्या कापडाचे तुकडे मोजूनमापून कापतात व जोडून वरचा थर तयार करतात. मग भरण आणि अस्तर घालून टाके घालायचे आणि शेवटी चारही कडांना गोट लावायचा, असा क्रम असतो.

गोधडीत किंवा कोल्हापूरकडच्या वाकळेत वेगळे भरण बहुधा नसतेच. वापरून मऊ झालेल्या साड्या आणि धोतरे थरावर थर अंथरायची, कच्च्या टाक्यांनी धरून ठेवायची आणि मग कडेपासून आत आत सरकत धावदोरा घालत जायचे. तेथे कापड हेच भरण असते आणि थर बांधणे व नक्षी उमटवणे ही दोन्ही कामे एकाच टाक्याने होतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रियांची कवंद याच रीतीची आहे. या समाजाचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले होते आणि त्यांतील अनेकजण पोर्तुगीज गोव्यातील गुलामगिरीतून निसटून त्या रानात येऊन राहिले. कवंदीच्या चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची छोटी त्रिकोणी ‘फुले’ लावतात आणि ती लावल्याशिवाय कवंद पूर्ण झाली असे मानत नाहीत. गिल्डच्या मैत्रिणींना मी गोधडीबद्दल सांगते तेव्हा कवंदीचा उल्लेख हमखास करते, कारण कडेकडून मध्याकडे जाणारी ही रीत त्यांना पूर्णपणे नवी असते.

सर्व क्विल्ट स्पर्धेत असतात का? रिबनींच्या रंगांचा अर्थ काय?

सर्व नसतात. काही गिल्ड परीक्षण मुळीच ठेवत नाहीत. जेथे परीक्षण असते तेथेही ‘केवळ प्रदर्शनासाठी’ अशी नोंद करून क्विल्ट देता येते. अमेरिकेत निळी रिबन पहिल्या क्रमांकाची, लाल दुसऱ्याची आणि पांढरी तिसऱ्याची. सर्व विभागांतून एक क्विल्ट सर्वोत्तम ठरते आणि तिची रिबन बहुधा सर्वांत मोठी व वेगळ्या रंगाची असते. याखेरीज प्रेक्षकांच्या पसंतीचे पारितोषिक असते, त्यासाठी दाराशी मिळालेली चिठ्ठी भरून पेटीत टाकावी. ती कृपया टाकाच, कारण शिवणाऱ्या स्त्रियांना या रिबनीचे अप्रूप परीक्षकांच्या रिबनीहून कमी नसते.

परीक्षण कसे चालते?

परीक्षण प्रदर्शन उघडण्याच्या आधी, बंद दाराआड होते. परीक्षक सहसा बाहेरगावचे असतात आणि त्यांतील अनेकांनी परीक्षणाचे रीतसर प्रशिक्षण घेतलेले असते. क्विल्ट कोणाची आहे हे त्यांना कळू नये म्हणून पाठीवरील नावाचे लेबल कापडाचा तुकडा टाचून झाकून ठेवतात. एका विभागातील क्विल्ट लांब टेबलावर एकीवर एक रचलेल्या असतात. दोन स्वयंसेविका वरची क्विल्ट उचलून परीक्षकांसमोर उभी धरतात, मग टेबलावर पसरतात, मग उलटी करतात. परीक्षक बोलत जातात आणि शेजारी बसलेली लेखनिक शब्दन् शब्द उतरवून घेते. तो कागद नंतर शिवणारीला मिळतो.

निर्णयाच्या दोन पद्धती आहेत. एकीत रचना, रंग, कारागिरी यांना ठरावीक गुण देऊन बेरीज करतात. दुसरीत प्रत्येक क्विल्टवर अभिप्राय दिल्यानंतर ती स्पर्धेत ठेवायची की बाजूला काढायची हे ठरवतात आणि शेवटी उरलेल्या मोजक्या क्विल्ट शेजारी शेजारी ठेवून क्रमांक लावतात. मला दुसरी पद्धत अधिक न्याय्य वाटते. गुणांच्या बेरजेत अत्यंत निर्दोष पण निर्जीव काम पुढे जाण्याचा धोका असतो, आणि शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन क्विल्टमध्ये तो फरक लगेच दिसतो.

परीक्षक कारागिरीत नेमके काय तपासतात?

प्रथम क्विल्ट सपाट पडते का आणि कडा सरळ आहेत का हे पाहतात. चारही कोपरे काटकोनात असावे लागतात. तुकड्यांची टोके जेथे भेटावीत तेथे भेटली आहेत का, ताऱ्याचे टोक शिवणीत गडप झाले आहे का, गडद कापडाचा दोरा फिकट कापडाखालून सावलीसारखा दिसतो का, खुणेसाठी ओढलेली पेन्सिलीची रेघ राहिली आहे का, हे पाहिले जाते. पाळीव प्राण्याचा केस किंवा सिगारेटचा वास यांचीही नोंद होते.

त्यानंतर गोट. परीक्षक गोटाची कड अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून सबंध बाजूभर बोटे सरकवत नेतात. गोटाच्या आत भरण शेवटपर्यंत पोहोचलेले असेल तर कड एकसारखी टणक लागते आणि पोहोचले नसेल तेथे चिमूट एकदम रिकामी होते. माझ्या पहिल्या स्पर्धेच्या कागदावर एक वाक्य होते : “डाव्या खालच्या कोपऱ्यात गोट पोकळ आहे.” घरी येऊन मी तो कोपरा चिमटीत धरला आणि खरोखरच नखाएवढी जागा रिकामी होती. कोपऱ्यातील गोटाची तिरपी घडी पुढून आणि मागून बारीक टाक्यांनी बंद केलेली असावी लागते, हेही त्याच कागदावरून शिकले.

शेवटी टाके. हाताने घातलेल्या टाक्यांत लांबीपेक्षा सारखेपणा महत्त्वाचा असतो. टाका आणि दोन टाक्यांमधील मोकळी जागा सारखी असावी, आणि पुढचा व मागचा टाका सारखा असावा. दोऱ्याची गाठ कोठेही दिसता कामा नये. ती हलक्या झटक्याने वरच्या कापडातून आत ओढून भरणात लपवतात. अतिशय सरावलेल्या हातांचे एका इंचात, केवळ वरच्या बाजूला मोजले तर, १० ते १२ टाके येतात. ६ ते ८ टाके एकसारखे घालणारी स्त्रीदेखील उत्तम कारागीर समजावी.

हाताचे टाके आणि यंत्राचे टाके प्रेक्षकाने कसे ओळखावेत?

यंत्राचा टाका अखंड रेषेसारखा दिसतो, कारण वरचा आणि खालचा असे दोन दोरे भरणात एकमेकांत अडकतात. हाताचा धावदोरा तुटक दिसतो : टाका, मोकळी जागा, पुन्हा टाका. प्रत्येक मोकळ्या जागी दोरा पलीकडे गेलेला असतो, त्यामुळे कापडावर किंचित उठाव आणि खळगे पडतात आणि तिरप्या उजेडात ते स्पष्ट दिसतात. शंका आल्यास पाठ पाहावी. माझी आई पहिल्यांदा प्रदर्शनाला आली तेव्हा निळी रिबन लावलेल्या एका पांढऱ्या क्विल्टसमोर उभी राहून तिने स्वयंसेविकेला खुणेनेच कोपरा उलटायला सांगितला. पाठीवर तीच पिसांची नक्षी, तेवढ्याच टाक्यांची, कोठेही गाठ नाही. आई बराच वेळ पाहत राहिली आणि मग म्हणाली, “हिला उलटसुलट नाहीच.” त्या क्विल्टबद्दल परीक्षकांनी लिहिलेला अभिप्राय चांगला लांबलचक होता, पण त्यात याहून वेगळे काही नव्हते.

यंत्रावर शिवलेल्या क्विल्टला पारितोषिक द्यावे का?

हा वाद जुना आहे. १९८९ साली अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या केंटकी राज्यातील पडूका येथील प्रदर्शनात कॅरल ब्रायर फॅलर्ट यांची सूर्यग्रहणावरील क्विल्ट सर्वोत्तम ठरली. यंत्राने टाके घातलेल्या क्विल्टला तो मान प्रथमच मिळत होता आणि त्यावरून मोठी खळबळ उडाली. आज बहुतेक गिल्ड हाताचे टाके, घरगुती यंत्राचे टाके आणि लाँगआर्म या मोठ्या यंत्रावरील टाके असे स्वतंत्र विभाग ठेवतात. यंत्र चालवणारेही हातच असतात आणि त्यांचे कौशल्य खरे आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु विभाग वेगळेच असावेत, असे माझे ठाम मत आहे. अंगुस्तान घातलेल्या मधल्या बोटाने आखूड सुई खाली-वर डोलवत, दुसऱ्या हाताच्या बोटाला अस्तराखाली तिचे टोक टोचेपर्यंत खोल नेत महिनोन् महिने केलेले काम आणि काही दिवसांत यंत्रावर उतरलेले काम यांची तुलना एकाच रांगेत करणे दोन्हींवर अन्याय करणारे आहे.

क्विल्टला हात का लावू देत नाहीत?

बोटांवरील घाम आणि तेल कापडात मुरते आणि शेकडो माणसांचे हात दोन दिवसांत लागल्यास कडा काळवंडतात. पाठ पाहायची असल्यास पांढरे हातमोजे घातलेल्या स्वयंसेविकेला सांगावे. त्यांची नेमणूकच त्यासाठी असते आणि विचारल्याने त्यांना आनंदच होतो.

मला सर्वांत आवडलेल्या क्विल्टला एकही रिबन नव्हती. परीक्षकांची चूक झाली का?

बहुधा नाही. परीक्षक तो दिवस, तो विभाग आणि ठरलेले निकष यांच्या चौकटीत निर्णय देतात, आणि गोट पोकळ असलेली क्विल्ट डोळ्यांत पाणी आणू शकते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अलाबामा राज्यातील जीज बेंड या वस्तीचे आहे. नदीच्या वळणात वसलेल्या या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी पिढ्यानपिढ्या शेतावर झिजलेल्या विजारी, सदरे आणि पोत्यांचे कापड वापरून क्विल्ट शिवल्या. १९६६ साली त्या परिसरातील स्त्रियांनी फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था स्थापन केली. २००२ साली ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात आणि त्यानंतर न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात या क्विल्ट भिंतीवर लागल्या, तेव्हा समीक्षकांनी त्यांची गणना आधुनिक अमेरिकी कलेच्या उत्तम कृतींमध्ये केली, आणि २००६ साली त्यांवर टपाल तिकिटे निघाली. त्यांतील कित्येक क्विल्टच्या कडा वाकड्या आहेत, पट्टे मध्येच रुंद किंवा अरुंद होतात. गिल्डच्या टेबलावर कारागिरीचे गुण देताना यांतील अनेक मागे पडल्या असत्या. गुडघ्याजवळ फिकट पडलेली विजार आणि खिसा उसवल्यावर खाली राहिलेला गडद निळा चौकोन ज्या डोळ्यांनी नेमक्या जागी ठेवला, त्या डोळ्यांसाठी गुणपत्रिकेत रकाना नसतो. म्हणूनच मी प्रेक्षकांना रिबनी पाहण्याआधी एक फेरी केवळ क्विल्ट पाहत मारायला सांगते.

क्विल्ट खरोखर नाव दिलेल्या व्यक्तीनेच शिवली आहे हे कसे ठरते?

अर्जात प्रत्येक काम कोणी केले हे वेगवेगळे लिहावे लागते : तुकडे कोणी जोडले, टाके कोणी घातले, नमुना कोणाचा होता. मोबदला देऊन दुसऱ्याकडून टाके घालून घेतले असल्यास ती क्विल्ट निराळ्या विभागात जाते आणि दोघांचीही नावे पाटीवर लागतात. हा नियम मला सर्व नियमांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याचे कारण १९३३ सालच्या एका स्पर्धेत आहे.

त्या वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सीअर्स कंपनीने राष्ट्रीय क्विल्ट स्पर्धा घेतली. मंदीचे दिवस होते आणि पहिले पारितोषिक १,००० डॉलरचे होते, म्हणजे अनेक कुटुंबांच्या वर्षभराच्या मिळकतीएवढे किंवा त्याहून अधिक. सुमारे २४,००० क्विल्ट आल्या. केंटकी राज्यातील लेक्झिंग्टनच्या मार्गारेट केडन यांच्या क्विल्टला पहिला क्रमांक मिळाला आणि ती क्विल्ट राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना भेट देण्यात आली. पुढे कित्येक दशकांनी संशोधकांनी त्या भागातील लोकांशी बोलून शोध घेतला तेव्हा स्पष्ट झाले की शिवणकाम केडन यांनी स्वतः केलेच नव्हते. ते मजुरी देऊन इतर स्त्रियांकडून करून घेतले होते. त्या स्त्रियांना पारितोषिकातील वाटा मिळाला नाही. गरजेपोटी त्यांनी त्या वेळी तोंडही उघडले नाही, कारण काम देणारी तीच होती. ती क्विल्ट आज कोठे आहे हे कोणालाही माहीत नाही. अर्जातील तो कंटाळवाणा रकाना भरताना मला त्या स्त्रियांची आठवण होते.

पारितोषिकाची रक्कम किती असते? क्विल्ट विकत मिळते का?

स्थानिक गिल्डमध्ये बहुधा रिबन आणि एखादी छोटी भेट एवढेच असते. मोठ्या प्रदर्शनांत रक्कम हजारो डॉलरची असते. पडूकाच्या सर्वोच्च पारितोषिकांत ती रक्कम हीच क्विल्टची किंमत मानली जाते आणि क्विल्ट तेथील राष्ट्रीय क्विल्ट संग्रहालयाकडे जाते. हे संग्रहालय १९९१ साली उघडले. क्विल्ट स्वतःजवळ ठेवायची असेल तर रक्कम नाकारता येते.

पाटीवर किंमत असेल तरच क्विल्ट विक्रीस आहे असे समजावे. किंमत ऐकून अनेकजण दचकतात. त्यांनी कापड, भरण आणि दोऱ्याचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेला तासांनी भागून पाहावे; हाताच्या टाक्यांची पलंगाच्या मापाची क्विल्ट शेकडो तासांचे काम असते. एक क्विल्ट मात्र बहुतेक प्रदर्शनांत सोडतीसाठी ठेवलेली असते. ती सभासदांनी मिळून शिवलेली असते आणि तिच्या तिकिटांचे पैसे गिल्डच्या सेवाकार्याला जातात.

गोधडी स्पर्धेत देता येते का?

होय. आरपार टाक्यांनी बांधलेले तीन किंवा अधिक थर असले की नियम पूर्ण होतो. मात्र पुढील तयारी करावी. जुन्या साड्यांचा रंग सुटतो का हे ओला पांढरा रुमाल दाबून पाहावे. ट्रंकेतील डांबरगोळ्यांचा वास जाईपर्यंत गोधडी सावलीत वाऱ्यावर टाकावी. पाठीमागे वरच्या कडेला मांजरपाटाचा सुमारे चार इंच रुंदीचा नेफा हाताने शिवावा, कारण त्यातून दांडी घालूनच क्विल्ट टांगतात. टाके अस्तरातून पुढे येऊ देऊ नयेत. अनेक थरांची गोधडी जड असते, म्हणून नेफ्याचे टाके दुहेरी दोऱ्याचे असावेत. अर्जात ‘पद्धत’ या रकान्यात ‘पारंपरिक मराठी गोधडी’ असे लिहून दोन वाक्यांत रीत सांगावी, म्हणजे परीक्षक गोट नसल्याचा दोष लावणार नाहीत. भारतातही या कलेला आता व्यासपीठ मिळू लागले आहे. चेन्नईत २०१९ साली इंडिया क्विल्ट फेस्टिव्हल भरला होता.

छायाचित्रे काढता येतात का?

बहुतेक ठिकाणी येतात. पाटीवर मनाई असल्यास काढू नये, आणि इतरांना पाठवताना शिवणाऱ्या व्यक्तीचे नाव सोबत द्यावे.

घरी असलेली क्विल्ट किंवा गोधडी कशी जपावी?

प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये, ओल कोंडून बुरशी येते. सुती उशीचा अभ्रा किंवा धुतलेले जुने सुती पातळ सर्वांत चांगले. लाकडाच्या किंवा लोखंडाच्या कपाटात थेट ठेवू नये, मध्ये कापड असावे. वर्षातून दोनतीनदा उलगडून घड्या बदलाव्यात, कारण त्याच त्या घडीवर धागे तुटतात. उन्हात वाळवण्याची आपली सवय येथे घातक ठरते, रंग उडतात.

पाठीवरील लेबलवर काय लिहावे?

शिवणाऱ्या व्यक्तीचे पूर्ण नाव, गाव, वर्ष, आणि क्विल्ट कोणासाठी व कशातून शिवली हे लिहावे.

जॉर्जिया राज्यात गुलामगिरीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स यांनी बायबलमधील प्रसंगांची क्विल्ट शिवून १८८६ साली अथेन्स गावच्या कापूस मेळाव्यात मांडली होती. जेनी स्मिथ या चित्रकलेच्या शिक्षिकेने ती विकत मागितली, पण पॉवर्स यांनी नकार दिला. पुढे ओढगस्तीमुळे १८९१ साली त्यांना ती पाच डॉलरला द्यावी लागली. देताना त्यांनी प्रत्येक चौकटीचा अर्थ सांगितला आणि स्मिथ यांनी तो लिहून ठेवला. विकल्यानंतरही पॉवर्स आपली क्विल्ट पाहायला स्मिथ यांच्याकडे जात असत. ती आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहे. त्या काळात अशा असंख्य स्त्रियांनी शिवलेल्या क्विल्ट निनावी राहिल्या, आणि ही मात्र चौकटीगणिक अर्थासह उरली.

आपल्या घरातील गोधड्यांवर नाव नसते. कोणाच्या साड्या, कोणाचे टाके, हे ज्यांना ठाऊक आहे त्या व्यक्ती घरात असतील तर आजच विचारावे. मांजरपाटाच्या पट्टीवर न पुसणाऱ्या शाईने किंवा दोऱ्याने ते लिहावे आणि पट्टी पाठीच्या खालच्या कोपऱ्यात चारही बाजूंनी शिवावी. नवी क्विल्ट असेल तर लेबल आधी अस्तरावर लावून मग त्यावरूनच टाके घालावेत, म्हणजे ते काढायचे झाल्यास क्विल्टच उसवावी लागेल.